देणगीची फुलदाणी गळता कामा नये

आपण जिथे चाकावर बसायला शिकलो त्या वर्गाला नवी भट्टी घ्यायची असते, किंवा ओळखीतल्या हस्तकला शाळेला छप्पर दुरुस्त करायचं असतं. मग फोन येतो : ‘‘निधीसाठी विक्री ठेवतोय, थोड्या फुलदाण्या करून द्याल का?’’ नाही म्हणवत नाही. हो म्हटल्यावर बहुतेकांचे पाय घरातल्या मांडणीकडे वळतात. तिथे ग्लेझ ओघळलेल्या, तोंड जरा वाकडं झालेल्या, कुणी न घेतलेल्या वस्तू धूळ खात पडलेल्या असतात. चांगल्या कामालाच द्यायच्या आहेत, मग याच का नकोत, असं वाटतं.

याच देऊ नका. शाळेच्या प्रेमापोटी माणूस वाकडी फुलदाणी एकदा घेईल, पुढच्या वर्षी तो प्रदर्शनाकडे फिरकणार नाही. दुकानात गेलेल्या फुलदाणीवर फक्त तुमचं नाव असतं, इथे शाळेचंही असतं. म्हणून संख्या कमी करा, पण दर्जा उतरवू नका. आणि फुलदाणीच्या बाबतीत दर्जाची पहिली कसोटी रूप नाही, पाणी आहे.

आपल्याकडची कुंभारकामाची परंपरा माठाची. गावच्या आव्यात भाजलेली लाल माती साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तिच्यात बारीक छिद्रं राहतात, त्यांतून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार होतं. माठाचा हा गुण फुलदाणीत गेला की दोष ठरतो. सागवानी टेबलावर पांढरा गोल डाग पडतो आणि त्या घरात हाताने केलेल्या भांड्यांचं नाव कायमचं वाईट होतं. बाहेरून ऑइल पेंट किंवा वॉर्निश मारून हे थांबत नाही. सतत पाणी भरलेल्या भांड्यावरचा रंग काही दिवसांत फुगतो.

तेव्हा माती निवडतानाच निर्णय घ्या. हाताशी वीज किंवा गॅसची भट्टी असेल तर स्टोनवेअर माती वापरा. ती १२०० ते १२८० अंशांच्या दरम्यान भाजली की तिचे कण एकमेकांत वितळून घट्ट होतात. फक्त पिशवीवर लिहिलेल्या तापमानावर विसंबू नका. त्याच मातीची एक पट्टी तुमच्याच भट्टीत भाजून घ्या, वजन करा, दोन-तीन तास पाण्यात उकळा, रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या, सकाळी पुसून पुन्हा वजन करा. कोरडी पट्टी २०० ग्रॅमची होती आणि आता २०४ भरली, तर मातीने २ टक्के पाणी प्यायलं. इथवर ठीक. २१० भरली तर ५ टक्के झाले. ती माती त्या तापमानाला फुलदाणीच्या कामाची नाही. तापमान वाढवा, नाहीतर माती बदला.

लाल मातीचंच काम करायचं असेल, आणि ज्यांच्या घरी आवाच आहे त्यांनी ते जरूर करावं, तर प्रामाणिक उपाय एकच आहे : आत बसेल अशी काचेची बाटली किंवा प्रयोगशाळेतली परीक्षानळी शोधा आणि फुलदाणी तिच्या मापाने घडवा. आधी काच, मग माती. उलट क्रमाने गेलात तर काच कधीच बसत नाही, कारण माती आकसते. गावच्या कुंभाराचा हात आणि नवी माती, नवी भट्टी यांची सांगड घालायचं मोठं काम आपल्याकडे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत ग्रामोदय संघातून केलं. लाल मातीतून स्टोनवेअरकडे जाऊ पाहणाऱ्यांनी तिथलं काम एकदा पाहावं.

आकार फुलांवरून ठरवा

फुलदाणी करणारे बरेच जण फुलं आणत नाहीत, हे मला अजून कोडं आहे. निशिगंधाची एक काडी, शेवंतीची छोटी जुडी, दोन-तीन जरबेरा एवढं समोर ठेवून कागदावर आकार काढा. रुंद तोंडाच्या भांड्यात चार फुलं टाकली की ती चारी दिशांना लोळतात. ती उभी राहायला डझनभर लागतात, आणि रोज डझनभर फुलं कोण आणणार? घरात खरोखर वापरली जाते ती अडीच-तीन सेंटिमीटर तोंडाची बुटकी फुलदाणी. एक काडी, फार तर तीन. बाल्कनीतल्या कुंडीतली जास्वंद खुडून ठेवली तरी शोभते.

उंचीसाठी जपानी इकेबानातला एक हिशोब फार कामाचा आहे. भांड्याची उंची आणि रुंदी यांची बेरीज करायची आणि तिच्या दीडपट मुख्य काडी ठेवायची. म्हणजे १२ सेंटिमीटर उंच आणि ८ रुंद फुलदाणीला ३० सेंटिमीटरची काडी. एवढी काडी वर उभी राहिली तर भांडं कलंडेल का, हे त्यावरून कळतं आणि तळ किती जड ठेवायचा तेही ठरतं. नवशिके भिंती वरपर्यंत जाड ठेवतात आणि तळ कोरून कोरून पातळ करतात. फुलदाणीत याच्या नेमकं उलट हवं.

दुसरा विचार भट्टीचा, आणि तो पैशाचा आहे. समजा तुमच्या भट्टीची आतली उंची ४५ सेंटिमीटर आहे. १२ सेंटिमीटरच्या फुलदाण्या, वर बोटभर मोकळी जागा आणि फळीची जाडी धरली तर मजल्याला १५ लागतात, म्हणजे तीन मजले बसतात. फुलदाण्या २५ सेंटिमीटरच्या असतील तर त्यांचा एक मजला आणि वर उरलेल्या जागेत बुटक्यांचा एक. त्याच विजेत निम्म्याच्या आसपास माल निघतो. म्हणून निधीच्या कामासाठी माझा कौल स्पष्ट आहे : बहुतेक फुलदाण्या लहान, आणि लक्ष वेधायला मोजक्या दोन-चार मोठ्या.

भाजून १२ सेंटिमीटर हवी तर चाकावर किती उंच काढायची? माती ओल्यापासून भाजेपर्यंत एकूण १२ टक्के आकसत असेल तर हवं ते माप ०.८८ने भागायचं. १२ला साडेतेरा, २२ला २५. तोंडाचं मापही असंच वाढवायला विसरू नका.

आकार दोनच ठरवा, फार तर तीन. प्रत्येक फुलदाणी वेगळी हवी हा हट्ट इथे महागात पडतो. बर्नार्ड लीच यांनी १९२०मध्ये इंग्लंडमधल्या सेंट आइव्हज इथे पॉटरी सुरू केली. पुढे तिथे ठरावीक आकारांची भांडी वर्षानुवर्षं केली गेली, त्यांचं सूचिपत्र निघायचं आणि शिकाऊ मुलं तेच आकार पुन्हा पुन्हा काढत. पॉटरीला त्यातून उत्पन्न मिळे आणि शिकणाऱ्यांचा हात बसे. सारख्या वजनाचे गोळे आधी तोलून ठेवलेत (लहान फुलदाणीला ६०० ग्रॅम पुरतात) की पाचव्या-सहाव्या नगापासून हात आपोआप धावायला लागतो.

आकारांसाठी पिंटरेस्टवर तासन्‌तास घालवण्याऐवजी मुंबईत असाल तर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये मातीकामाची कार्यशाळा चालवली. त्या परंपरेतली भांडी तिथे आहेत, अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी असलेलीही. नक्षी उचलू नका, ती त्या काळाची. गळा खांद्यातून कुठे आणि कसा उगवतो, तेवढं बघा.

चाकावर, आणि चाकावरून उतरल्यावर

चाकाचं सगळं तंत्र इथे सांगत नाही, ते तुम्हाला येतं असं धरते. फुलदाणीपुरत्या तीन गोष्टी. गोळा उघडल्यावर तळ बोटांनी किंवा लाकडी पट्टीने आतून बाहेर आणि बाहेरून आत असा दाबून घ्या. दाबला नाही तर वाळताना तळाला इंग्रजी एससारखा तडा जातो, आणि तो बहुतेकदा दुसऱ्या भाजणीनंतर दिसतो. गळा आवळायच्या आधी आतलं साचलेलं पाणी काडीला बांधलेल्या स्पंजाने टिपून घ्या. नंतर तिथे हात जात नाही. आणि गळा एका दमात आवळू नका. थोडा आवळला की भिंत जाड होते, ती पुन्हा वर ओढून पातळ करायची, मग परत आवळायचं. घाई केली तर गळ्याला मळसूत्रासारखी वळी पडते.

अरुंद गळ्याची फुलदाणी तळ कोरायला उलटी ठेवता येत नाही. त्यासाठी जाड मातीचं नळकांडं करून एकदा भाजून ठेवा. कामाच्या वेळी ते पाण्यात भिजवून चाकावर बसवायचं आणि त्यात फुलदाणी डोक्यावर उभी करायची. एकदा केलं की वर्षानुवर्षं पुरतं.

पाऊस हा खरा शत्रू. निधीच्या विक्री दिवाळीच्या आगेमागे ठेवतात, म्हणजे चाकावरचं काम ऐन पावसाळ्यात येतं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये फुलदाणी वाळायला दोन-तीन आठवडेही लागतात. वरून कोरडी दिसते, तळात मात्र ओल असते. ती भट्टीत गेली की १०० अंशांना पाण्याची वाफ होते आणि तळ फुटतो, शेजारची चार भांडीही घेऊन जातो. फुलदाणी गालाला लावून बघा. थंड लागली तर आत अजून पाणी आहे. पंखा सरळ मारू नका, एक बाजू आधी आकसून तोंड लंबगोल होतं. विदर्भात एप्रिल-मेमध्ये संकट उलटं असतं : कडा तासाभरात वाळते आणि तळ ओलाच राहतो. तिथे तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी सैल घालून ठेवायची.

दिवाळीची विक्री असेल तर गणपती बसायच्या आधी चाकावरचं काम उरकलेलं हवं. त्यानंतर वाळवण, पहिली भाजणी, ग्लेझ, दुसरी भाजणी, आणि बिघडलेल्यांच्या जागी नव्या करायला उसंत. पहिल्या भाजणीत १२० अंशांपर्यंत फार सावकाश जा, झाकण थोडं उघडं ठेवा. ५७३ अंशांच्या आसपास मातीतली गारगोटी एकदम प्रसरण पावते, उतरताना तशीच आकुंचन पावते. म्हणून तिथेही, चढताना आणि उतरताना, घाई नको. भट्टी १०० अंशांखाली आल्याशिवाय उघडू नका. उत्सुकता कळते, पण त्यापायी ग्लेझ तडकतं.

ग्लेझ लावताना आतून आधी. पातळसर ग्लेझ एक तृतीयांश ओता, फिरवा, लगेच पालथं करा. बाहेरचं ग्लेझ दुसऱ्या दिवशी. एकदा भाजलेली पातळ भिंत आतून भिजलेली असताना बाहेरून ग्लेझ चढवलं तर ते नीट धरत नाही, भट्टीत सरकतं आणि मध्ये मध्ये टक्कल पडतं. तळ आणि त्याच्या वरची दोन-तीन मिलिमीटर कडा मेण लावून कोरी ठेवा. ग्लेझ वाहणारं असेल तर बोटभर. हे नाही पाळलं तर फुलदाणी फळीला चिकटते, आणि फळी फुलदाणीपेक्षा महाग असते. रंगाचे प्रयोग या खेपेला नकोत. ज्या ग्लेझने तुम्हाला कधी दगा दिला नाही, तेच वापरा. थंड झाल्यावर ग्लेझमध्ये बारीक जाळी दिसली तर समजा, ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतंय. माती घट्ट भाजलेली असेल तर पाणी तरी राहील, पण आतल्या बाजूला जाळी मला चालत नाही. ग्लेझमध्ये गारगोटीची पूड थोडी वाढवून नव्याने चाचणी घ्या.

सुकलेली माती आणि ग्लेझची पूड झाडूने झाडू नका, विशेषतः शाळेतली मुलं हाताशी असतील तेव्हा. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाते ती परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, पूड कालवताना एन-९५ मुखपट्टी लावायची.

मुलांचा विषय निघालाच आहे तर, त्यांना चाकावर बसवून विक्रीचा माल काढायच्या फंदात पडू नका. पोळीसारखी लाटलेली माती वर्तमानपत्र गुंडाळलेल्या बाटलीभोवती लपेटून त्यांच्याकडून उत्तम फुलदाण्या होतात. लाटलेल्या मातीवर शाळेच्या आवारातलं पान दाबायचं. पान भट्टीत जळून जातं, शिरा राहतात. जोड घासून, चिखल लावून पक्का करायचा आणि बाटली वेळेवर काढायची. ती आत राहिली तर माती तिच्याभोवती आकसते आणि फाटते. या पानांच्या फुलदाण्या विक्रीत सगळ्यात आधी संपतात, आई-बाबा ठेवतील तर ना!

किंमत, पावती, फुलं

भट्टीतून निघालेली प्रत्येक फुलदाणी काठोकाठ पाणी भरून वर्तमानपत्रावर २४ तास ठेवा. कागद ओलसर झाला तर ती विक्रीला नाही. टाकून द्यायची नसेल तर ‘फक्त सुक्या फुलांसाठी’ अशी चिठ्ठी लावून वेगळ्या मेजावर, कमी किमतीत. पास झालेल्यांचा तळ पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरने घासा, हात फिरवल्यावर खरखर लागता कामा नये. तीस हव्या असतील तर अडतीस-चाळीस काढायला घ्या. एवढी फूट होतेच.

पैशाचं बोलणं कामाच्या आधी करा, आणि लिहून. तुम्ही श्रम देताय की साहित्यही? साहित्याचा खर्च परत मागण्यात संकोच करू नका. जो सगळंच फुकट देतो तो दुसऱ्या वर्षी फोन उचलत नाही. विजेचा हिशोब सोपा आहे : ९ किलोवॉटची भट्टी १० तास पूर्ण ताकदीने चालली तर ९० युनिट. प्रत्यक्षात ती मध्ये मध्ये बंद होत असल्याने कमीच जातात. युनिटला १० रुपये धरले तर जास्तीत जास्त ९०० रुपये, तीस फुलदाण्यांत वाटले तर नगाला ३०. दोन भाजण्यांचे ६०. त्यात माती, ग्लेझ, फूट आणि खोका मिळून समजा १५० झाले आणि फुलदाणी ६००ला गेली, तर शाळेला ४५० उरतात. हा आकडा फलकावर लिहा. ‘या फुलदाणीतले ४५० रुपये भट्टीसाठी’ हे वाचून घासाघीस करणारा गप्प बसतो.

नेहमी ६००ला विकता तीच वस्तू ‘चांगलं काम आहे’ म्हणून १५००ला लावू नका, आणि ३००लाही नको. पहिल्यात गिऱ्हाईक फसतं, दुसऱ्यात तुमच्यासारखे बाकीचे कारागीर बुडतात. लिलावाची हौस असेल तर फक्त त्या दोन-चार मोठ्या फुलदाण्यांचा करा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातली पेनलंड ही हस्तकला शाळा कलाकारांनी दिलेल्या वस्तूंचा दरवर्षी लिलाव करते. पण तिथे बोली लावायच्या तयारीने आलेले संग्राहक असतात. आपल्या सभागृहात मावशी-काकू आणि शेजारी असतात, त्यांना ठरलेली किंमत बरी वाटते.

प्राप्तिकरात देणगीची वजावट पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूच्या नाही. म्हणजे फुलदाण्या दिल्याबद्दल तुम्हाला कर वाचणार नाही, आणि शाळेने तसं प्रमाणपत्र देऊही नये. विक्रीची पावती शाळेच्या किंवा तिच्या न्यासाच्या नावाची हवी. पैसे कुणा एकाच्या मोबाइलच्या खात्यात जमा होत असतील तर तुम्हीच हरकत घ्या.

फुलदाण्या रिकाम्या मांडू नका. १९९०च्या सुमारास मिशिगनमध्ये जॉन हार्टम या कलाशिक्षकाने विद्यार्थ्यांकडून मातीचे वाडगे करून घेतले, त्यात साधं सूप वाढलं आणि जेवणाऱ्यांना वाडगा घरी न्यायला दिला. जमा पैसे भुकेल्यांसाठी गेले. ‘एम्प्टी बोल्स’ या नावाने हा उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. भांडं वापरात दाखवलं, हे त्यातलं मर्म. आदल्या दिवशी दादरच्या किंवा गुलटेकडीच्या फूलबाजारातून निशिगंध आणा, कळ्या खालून वर उमलतात म्हणून खालच्या दोनच उमललेल्या बघून घ्या, देठ तिरके कापा आणि प्रत्येक तिसऱ्या फुलदाणीत एक काडी लावा. विकलेल्या फुलदाणीतलं पाणी मात्र ओतून, ती पुसून मगच खोक्यात भरा.

फुलदाणीच्या तळाशी तुमची खूण आणि शाळेचा छोटा शिक्का ओल्या मातीतच उठवलेला असू द्या. पोटावर मोठं बोधचिन्ह नको, ते फुलांशी भांडतं. सोबत चार ओळींची चिठ्ठी : पाणी रोज बदला, आतले पांढरे डाग व्हिनेगरने आणि बाटलीच्या ब्रशने जातात, तळाखाली फेल्टच्या टिकल्या लावा.

न विकल्या गेलेल्या फुलदाण्या शाळेच्या कपाटात सोडून येऊ नका. यादी करून परत आणा, किंवा कुठल्या दिवसापर्यंत किती किमतीला विकायच्या ते लिहून द्या. आणि मातीची पिशवी, ग्लेझचं प्रमाण, भाजणीचं तापमान वहीत नोंदवा. पुढच्या वर्षी कुणीतरी जोडीची दुसरी मागायला नक्की येईल.